स्फोटात डोक्याला मार लागला तर पहिला तास तालुक्यातच जातो, तिथे सोय करा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की आपल्या पेपरच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी ठरलेली असते. विहिरीत सुरुंगाचा स्फोट, एक मजूर ठार, दोन गंभीर. चार ओळी आणि संपलं. त्या दोन गंभीरचं पुढे काय झालं ते कधी छापून येत नाही, आणि मला त्यांच्याबद्दलच लिहायचंय. मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते, नोकरीचा बराच काळ कॅज्युअल्टीत म्हणजे अपघात विभागात गेला, आता रिटायर आहे. पण असली बातमी वाचली की माझ्या डोक्यात तेच चालू होतं, त्याला ऑक्सिजन लावला असेल का, बीपी कोणी बघितलं असेल का, रेफर करताना कागदावर काय लिहिलं असेल.

स्फोट म्हटलं की लोकांना बॉम्बच आठवतो. पण आपल्या खान्देशात स्फोट रोजच्या कामातच आहेत. तापीकाठी रावेर यावलकडे खोलपर्यंत माती गाळ, तिकडे सुरुंगाचं काम कमी. पण साक्री, पारोळा, चाळीसगाव, धुळ्याच्या आजूबाजूला काळा पाषाण लागतो, तिथे सुरुंगाचे तोटे लावल्याशिवाय विहीर खाली जातच नाही. हायवेवरच्या पंक्चरच्या दुकानात ट्रकच्या टायरमध्ये हवा भरताना रिंग उडून कपाळावर बसते. रिकामा म्हणून आणलेला केमिकलचा ड्रम वेल्डिंगला घेतात आणि तो फुटतो. घरातला गॅस आहेच, दिवाळीत सुतळी बॉम्बवर डबा झाकणारी पोरं आहेत, रानडुकरासाठी शेतात ठेवलेले गावठी गोळे आहेत. आणि मोठं म्हणाल तर ३१ ऑगस्ट २०१९ ला शिरपूर तालुक्यात वाघाडीजवळ केमिकल कारखान्यात झालेला स्फोट कोण विसरेल, बारावर माणसं गेली, जखमी पन्नासाच्या वर. वरणगावला तर काडतुसांचा कारखानाच आहे. म्हणजे ही मुंबई दिल्लीची गोष्ट नाही, आपल्या तालुक्याची आहे.

स्फोटातला डोक्याचा मार गाडीच्या अपघातापेक्षा वेगळा असतो, तो नुसता एका प्रकारे लागत नाही. आधी हवेच्या दाबाची लाट येते, ती कानाचे पडदे, फुप्फुस, आतडी यांना धक्का देते आणि मेंदूलाही देते, बाहेर ओरखडासुद्धा नसतो. मागून दगड, पत्रा, खिळे उडून येतात आणि कवटीत घुसतात. मग माणूस स्वतः फेकला जातो आणि डोकं कशावर तरी आपटतं. वर भाजणं, धूर, विषारी वायू वेगळेच. मोकळ्या रानात ही लाट लवकर विरते पण बंद जागेत भिंतींवर आपटून परत परत येते, म्हणून विहीर, बंद स्वयंपाकघर, कारखान्याची खोली इथला मार जास्त वाईट. विहिरीच्या तळाशी असलेल्या माणसाला पळायला जागाच नसते.

हे ज्ञान लढायांतनं आलंय. पहिल्या महायुद्धात तोफगोळे जवळ फुटलेल्या सैनिकांना जखम नसायची पण थरथर, विसरणं, झोप उडणं असलं व्हायचं, १९१५ साली मायर्स नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी त्यावर लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात लिहिलं. नंतर इराक अफगाणिस्तानात रस्त्यात पेरलेल्या बॉम्बमुळे अमेरिकेच्या सैन्याला तोच प्रश्न पुन्हा आला आणि त्यांनी नियमच केला की स्फोटाच्या जवळ असलेल्या प्रत्येकाला तपासायचं, जखम असो नसो. आपल्या विहिरीवरच्या मजुराला कोण असं तपासतं? कोणीच नाही.

कॅज्युअल्टीत काय होतं ते सांगते. एकदम सहा सात पेशंट येतात. ओरडणाऱ्याकडे, भाजलेल्याकडे, रक्त वाहतंय त्याच्याकडे सगळे धावतात, साहजिक आहे. आणि कोपऱ्यात बाकावर एकजण धुळीने पांढरा झालेला गप्प बसलेला असतो, त्याला विचारलं की म्हणतो "माले काहीच व्हयनं नही", मला काहीच झालं नाही. त्याचे नातेवाईकही म्हणतात हा वाचला देवाच्या कृपेने. मला सगळ्यात भीती त्याचीच वाटायची. कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये रक्त साचत असलं तर माणूस मधले काही तास अगदी नीट बोलतो चालतो, चहाही मागतो, मग डोकं दुखायला लागतं, उलटी होते, झोप यायला लागते, आणि घरचे म्हणतात दमलाय, झोपू द्या. तो सकाळी उठत नाही. असं रक्त वेळेत काढलं तर माणूस कामाला परत जातो, हे मी बघितलंय, म्हणून जास्त चीड येते.

दुसरी गोष्ट पुस्तकात लहान अक्षरात असते पण वॉर्डात फार मोठी आहे. पेशंटची शुद्ध मोजायला जीसीएस नावाचा स्कोअर आहे, ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी १९७४ साली काढला, डोळे उघडणं, बोलणं, हातपाय हलवणं यावर ३ ते १५ मार्क. ८ किंवा खाली गेला तर श्वासाची नळी टाकायची तयारी करायची. आता स्फोटातल्या माणसाचे कानाचे पडदे फुटलेले असतात, त्याला ऐकूच येत नाही. तुम्ही म्हणता हात वर कर, तो बघत बसतो. झालं, लिहिलं की गोंधळलेला आहे. किंवा उलटं होतं, खरंच गोंधळलेला असतो आणि सगळे म्हणतात कान गेलेत त्याचे. किंवा, आणि हे सगळ्यात वाईट, पिलेला आहे म्हणून बाजूला ठेवतात. म्हणून खुणेने विचारा, स्वतःचा हात वर करून दाखवा, वाचता येत असेल तर कागदावर लिहून द्या. डोळे धुळीने, भाजण्याने सुजून बंद असतील तर तिथे एक मार्क देऊ नका, डोळे सुजलेत तपासता आले नाहीत असं लिहा. आणि एकदा मोजून काम होत नाही, सुरुवातीला तरी दर अर्ध्या तासाने मोजायचं. आत्ता १५ असलेला तासाभराने १३ झाला तर तो १३ वर स्थिर असलेल्यापेक्षा जास्त धोक्यात आहे.

यात आणखी एक अडचण आहे, ती कोणी बोलत नाही पण मी बोलते. बऱ्याच विहिरींवर तोटे बिनपरवान्याचे असतात. मग पेशंट आणताना घरचे आणि ठेकेदार आधीच ठरवून येतात की विहिरीत पडला म्हणून सांगायचं. डॉक्टर मग पडल्याचा मार म्हणून बघतात, कान बघत नाहीत, छाती नीट ऐकत नाहीत, आणि फुप्फुसाला बसलेला दाब काही तासांनी वर येतो, श्वास लागतो, ऑक्सिजन कमी पडतो आणि आधीच सुजलेला मेंदू अजून मरतो. भाऊ, दादा, हात जोडून सांगते, पोलिसांचं काय ते नंतर बघा, डॉक्टरपासून स्फोट लपवू नका. किती लांब होता, बंद जागेत होता का, फेकला गेला का, बेशुद्ध किती वेळ होता, एवढं खरं सांगा. एमएलसी म्हणजे पोलिसांत कळवायची नोंद होणारच आहे, पण तिच्यासाठी उपचार थांबवायचा नसतो. १९८९ साली परमानंद कटारा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की सरकारी असो खाजगी असो, डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, पोलिसांची कागदपत्रं नंतर.

आता विहिरीवर काय करायचं. पहिलं म्हणजे लगेच खाली उतरू नका. सगळे सुरुंग उडाले का याची खात्री नसते, फुसका गेलेला नंतर उडतो, आणि स्फोटाचा धूर विहिरीत साचून राहतो, वाचवायला उतरलेला त्यात गुदमरतो. काठाला फुटलेले दगड लोंबकळत असतात ते वेगळंच. ब्लास्टिंगवाल्याने सुरक्षित आहे म्हटल्यावरच माणूस उतरवायचा आणि तोही दोर बांधून. खालच्याला बगलेत दोर घालून यारीने, म्हणजे विहिरीवरच्या क्रेनने, वर ओढतात ते बंद झालं पाहिजे. मानेचा मणका तुटलेला असू शकतो, आणि मान लोंबकळत वर आली तर वाचलेला माणूस कायमचा लुळा पडतो. बाज असते प्रत्येक शेतात, तिच्यावर फळी नाहीतर घराचं दार टाका, त्यावर माणूस सरळ बांधा, डोक्याच्या दोन्ही बाजूला कपड्याच्या घड्या लावा आणि मग चार दोरांनी आडवा वर घ्या.

उलटी झाली तर डोकं, मान, अंग सगळं एकदम एका कुशीवर वळवा, तोंडातली माती रक्त बोटाला कापड गुंडाळून दिसेल तेवढं काढा. डोक्याच्या कातडीतनं रक्त फार जातं, स्वच्छ कापड ठेवून दाबून धरा, पण खाली हाड मऊ लागत असेल किंवा खड्डा पडला असेल तर मधोमध दाबू नका, कडेने दाबा. घुसलेला दगड, पत्रा, सळई काहीही ओढून काढायचं नाही, ते तिथेच हलणार नाही असं कापडाने बांधून आणा, काढणं ऑपरेशन टेबलावर. हळद, चहापत्ती, चुना काही लावू नका. नाकातनं कानातनं पाणी किंवा पाण्यासारखं रक्त येत असेल तर कापूस कोंबू नका, वाहू द्या, ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. प्यायला काही देऊ नका, लोक मायेने पाणी पाजतात आणि ते फुप्फुसात जातं. आणि मोटरसायकलवर दोघांच्या मधी बसवून आणतात ना, कृपा करून आणू नका, डोकं घंटेसारखं हलत येतं.

१०८ ची गाडी राज्यात २०१४ पासून आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो, हे अजून कितीतरी लोकांना माहीत नाही, त्यांना वाटतं नुसतं पेशंट वाहणारी गाडी. फोन करताना स्फोट झालाय आणि किती जखमी आहेत हे पहिल्या वाक्यात सांगा. अर्थात धडगाव अक्कलकुव्याच्या पाड्यांवर रेंज नाही, रस्ता नाही, अजूनही पेशंट झोळीत घालून खाली आणतात, तिथे हे सगळं लागू पडत नाही आणि तिथल्या लोकांचा राग रास्त आहे.

मोठा स्फोट झाला की आणखी एक होतं. जे चालू शकतात ते रिक्षा, मोटरसायकल, मिळेल त्याने सगळ्यात आधी जवळच्या दवाखान्यात पोचतात आणि सगळ्या बेडवर बसतात, खरे गंभीर पेशंट गाडीतनं नंतर येतात तेव्हा जागा नसते. म्हणून दारातच एक अनुभवी माणूस उभा करून गंभीर लाल, मधले पिवळे, किरकोळ हिरवे अशी वर्गवारी करावी लागते. हिरव्यांना व्हरांड्यात बसवा, पण घरी सोडू नका, तो गप्प बसलेला त्यांच्यातच असतो.

आता माझ्या दवाखान्यातल्या भावाबहिणींसाठी, रागावू नका. डोक्याला पहिला मार लागला तो लागला, तो कोणी परत घेऊ शकत नाही. पण नंतरचा मार आपण देतो, ऑक्सिजन आणि बीपी पडू देऊन. वरचं बीपी एकदा जरी ९० च्या खाली गेलं तरी डोक्याच्या गंभीर मारात मरणाचं प्रमाण साधारण दुप्पट होतं, हे कितीतरी वर्षांपासून माहीत आहे. तरी पेशंट अर्धा तास ऑक्सिजनशिवाय पडलेला असतो कारण कवटीचा एक्सरे काढायला पाठवलाय. त्या एक्सरेत मेंदू दिसत नाही, सीटी स्कॅन लागतो. ऑक्सिजन लावा, रक्त थांबवा, बीपी सांभाळा, मान कॉलरमध्ये धरून डोक्याकडची बाजू ३० अंश वर करा, बीपी पडलं असेल तर सपाट ठेवा. सलाईन नॉर्मलच लावा, ग्लुकोजची बाटली नको, तिने सूज वाढते. साखर मात्र तपासा. नाकातनं रक्त पाणी येत असेल तर नाकातनं नळी टाकू नका. अंबू बॅग म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी दाबायची वेळ आली तर घाईत भराभर दाबू नका, मोठ्या माणसाला पाच सहा सेकंदाला एकदा. जोरात भरभर दाबली की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि फुप्फुसाला स्फोटाचा धक्का बसलेला असेल तर ते फाटू शकतं.

आणि डेक्सा, म्हणजे डेक्सामिथासोन नावाचं स्टिरॉईड. डोक्याला मार म्हटलं की छोट्या दवाखान्यात डेक्साचं इंजेक्शन अजून हटकून दिलं जातं, सूज उतरेल म्हणून. २००४ साली क्रॅश नावाच्या अभ्यासाचा निकाल आला, जगभरातले दहा हजारांवर पेशंट, स्टिरॉईड दिलेल्यांत दोन आठवड्यांत २१ टक्के गेले आणि न दिलेल्यांत १८ टक्के. म्हणजे स्टिरॉईडने माणसं जास्त मेली. इतकी वर्षं झाली तरी रेफरच्या चिठ्ठीवर डेक्सा दिसतंच. उलट ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, जे बाळंतपणात रक्तस्राव थांबवायला आपल्या प्रत्येक लेबर रूममध्ये पडलेलं असतं, ते पहिल्या तीन तासांत दिलं तर मध्यम आणि कमी गंभीर डोक्याच्या मारात फायदा होतो हे २०१९ च्या क्रॅश ३ मध्ये दिसलं. स्वस्त औषध आहे, कपाटात आहे, पण डोक्याच्या पेशंटसाठी कोणाला आठवत नाही. मॅनिटॉल हे मेंदूची सूज उतरवायचं औषध, तेही जपून, बीपी पडलेलं असताना लावलं तर लघवीवाटे पाणी जाऊन बीपी अजून पडतं. हे डॉक्टरांनी ठरवायचं आहे, मी नर्स आहे मला माहीत आहे, पण आठवण करून द्यायला काय हरकत आहे.

भाजलेल्या पेशंटबाबत एक. अंगावर मोठं भाजलेलं असलं की तो बर्न वॉर्डचा पेशंट ठरतो आणि डोकं सगळे विसरतात. स्फोटात भाजलेला माणूस बरळतोय, झोपतोय तर ते वेदनेमुळेच आहे असं समजू नका, भाजल्यामुळे तेवढ्यात शुद्ध जात नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साईड असेल किंवा डोक्यात रक्त असेल, दोन्ही शोधावं लागतं. आणि कार्बन मोनॉक्साईड असेल तर बोटावरचं ऑक्सिजनचं मशीन चांगला आकडा दाखवतं, त्यावर विसंबू नका.

मग रेफर. आमच्याकडे एका ठिकाणाहून पेशंट यायचे, चिठ्ठीवर फक्त "हेड इंज्युरी, रेफर्ड टू हायर सेंटर". किती वाजता लागलं नाही, जीसीएस नाही, डोळ्याच्या बाहुल्या सारख्या होत्या का नाही, काय इंजेक्शन दिलं नाही. पुढच्या डॉक्टरला कसं कळणार की बाहुली आत्ता मोठी झाली की आधीपासून होती? या एका गोष्टीवर ऑपरेशन ताबडतोब करायचं की थांबायचं ठरतं. शिरपूरहून धुळं पन्नास पंचावन्न किलोमीटर, धुळ्याहून नाशिक दीडशेच्या वर. त्यात आधी फोन न करता पाठवलं आणि तिथे न्यूरोसर्जन म्हणजे मेंदूचं ऑपरेशन करणारा डॉक्टर नाही म्हणून पुढे पाठवलं की तो पेशंट रस्त्यातच संपतो. नातेवाईक पैसे गोळा करत, बेड शोधत गाडीत बसलेले असतात. बेड शोधणं हे नातेवाईकाचं काम नाही, पाठवणाऱ्या दवाखान्याने फोन करून न्यूरोसर्जन आहे, व्हेंटिलेटर आहे असं पक्कं करून मगच गाडी सोडावी.

आता आपल्या पेपरमार्फत धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकारी साहेबांना आणि सिव्हिल सर्जन साहेबांना मागणी आहे. विहिरीचं काम दरवर्षी दिवाळीनंतर सुरू होऊन पावसाळ्यापर्यंत चालतं, त्याच्या आधी तालुक्याच्या ठिकाणी यारीवाले, ब्लास्टिंगवाले, पंक्चरवाले, वेल्डर आणि दवाखान्याचा स्टाफ यांना एकत्र बोलवून एक दिवस प्रत्यक्ष करून दाखवा, बाजेवर माणूस कसा बांधायचा इथपासून. सरकारी पैशातनं होणाऱ्या विहिरींना मंजुरी देताना ब्लास्टर परवानाधारक आहे का आणि कामावर हेल्मेट आहेत का हे बघूनच बिल काढा. उपजिल्हा रुग्णालयांत सीटी मशीन चोवीस तास चालू पाहिजे, रात्री टेक्निशियन नाही म्हणून बंद नको, फिल्म वाचायला डॉक्टर तिथे नसले तरी फोटो लगेच पुढे पाठवता येतात. आणि मेडिकल कॉलेज झालीत तिन्ही जिल्ह्यांत, चांगलं झालं, पण रात्री दोन वाजता कवटी उघडू शकेल असा सर्जन किती दिवस ड्युटीवर असतो ते एकदा जाहीर करा, म्हणजे १०८ वाल्याला तरी कळेल गाडी कुठे वळवायची.

शेवटचं, घरी सोडलेल्यांचं. सोडताना हातात मराठीत छापलेली चिठ्ठी द्या, शक्य असेल तिथे अहिराणी, पावरीत तोंडी सांगा, की पुढचे दोन दिवस माणूस एकटा ठेवू नका, डोकेदुखी वाढली, दोनदा उलटी झाली, झटका आला, हात पाय लुळा वाटला, बोबडं बोलला, उठवून उठत नाही असं झालं तर तसेच परत या. दारू नको, झोपेची गोळी नको, रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना आधीच दाखवा. आणि महिनाभराने पुन्हा बोलवा. स्फोटानंतर कितीतरी जणांना डोकं दुखणं, चक्कर, विसरणं, आवाज सहन न होणं, एकदम चिडणं असलं राहतं, बायको म्हणते माणूस बदललाय, गाव म्हणतं बाहेरचं लागलं, आणि त्याला भगताकडे नेतात. त्याचा उपचार आहे, विश्रांती आहे, कान तपासणी आहे, कामावर हळूहळू परत पाठवणं आहे. सिव्हिलमध्ये महिन्यातनं एक दिवस डोक्याला मार लागलेल्यांची ओपीडी सुरू केली तर त्याला वेगळी इमारत लागत नाही, एक खोली, एक डॉक्टर, एक नर्स लागते. नर्स म्हणून बिनपगारी यायला मी तयार आहे, आणि माझ्यासारख्या रिटायर झालेल्या बऱ्याच सिस्टर येतील.

आपली नम्र,
एक निवृत्त स्टाफ नर्स, चोपडा तालुका